पहिला उंदीर मेला तेव्हाच
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कपाशीत पहिली डोमकळी दिसली की बोंडे सडेपर्यंत तुम्ही वाट बघता का? नाही. कळी तोडून बघता, आत अळी निघाली की शेजाऱ्यालाही हाक मारता. मग रोग घरात शिरतो तेव्हाच आपण गप्प का बसतो?

बीड जिल्ह्यातले मामला गाव आठवा. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. धास्तीने माणसे घराबाहेर राहिली, धान्य घरातच राहिले, उंदरांचे फावले. ऑगस्ट 1994 मध्ये उंदीर मरू लागले, पिसवा चावू लागल्या. मग माणसांना ताप आणि जांघेत गाठी. 1966 नंतर देशात प्लेगच्या रुग्णाची नोंद नव्हती. डॉक्टरांच्या एका पिढीने तो रोग पाहिलाच नव्हता. त्याच सप्टेंबरात तिकडे सुरतेत फुप्फुसाचा प्लेग उसळला. लाखो माणसे शहर सोडून पळाली, काही देशांनी आपली विमाने आणि माल अडवला. आणि हा प्लेगच होता का, यावर पुढे कित्येक वर्षे वाद चालला!

उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते. पिसू दुसरे ऊबदार अंग शोधते, म्हणजे आपले. म्हणून अशा वेळी उंदरांना विष घालायची घाई करू नका. आधी आरोग्य खात्याकडून बिळांत पिसवांवर भुकटी, मग उंदीर. मेलेला उंदीर हाताने उचलू नका. ताप आणि गाठ आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन ही औषधे वेळेवर मिळाली तर माणूस वाचतो. पहिल्या डोसाआधी गाठीतले पाणी आणि रक्त तपासणीला घ्यायला सांगा, कारण औषध पोटात गेल्यावर जंतू सापडणे अवघड होते. मात्र नमुन्यापायी औषध थांबवू नका.

हगवण असो की ताप, रीत हीच. गावात एक वही घाला. कोण आजारी, कोणत्या आळीत, कोणत्या तारखेपासून, पाणी कुठले पितात, एवढेच लिहा. एका आळीत एकसारखे आजारी दिसले की आशाताईला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी कळवा, पोच घ्या. तपासणीत काय निघाले ते ग्रामसभेत विचारा. तो आपला हक्क आहे.

प्रयोगशाळा जिल्ह्याला असते. पहिला उंदीर मात्र आपल्याच कणगीखाली मरतो. परत गेलात की आधी वही घाला, मग दुसरे काम.