उरलेल्या दहा मिनिटांतलं गाणं



‘कुंग फू फायटिंग’ हे गाणं आपण वरातीत, गॅदरिंगमध्ये, कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. मात्र ते घडवणारा माणूस आपल्या बंगलोरचा, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्याचं नाव बिड्डू अप्पय्या. साठच्या दशकात गाण्याचं वेड घेऊन तो लंडनला गेला.

जमैकात जन्मलेल्या कार्ल डग्लस या गायकाची एक तबकडी करण्याचं काम १९७४ साली त्याच्या हाती आलं. स्टुडिओ तीन तासांसाठी घेतलेला. पुढच्या बाजूला एक भावुक प्रेमगीत होतं आणि बहुतेक सगळा वेळ त्यानेच खाल्ला. मागची बाजू रिकामी कशी ठेवायची, म्हणून बिड्डूने डग्लसकडे त्याने लिहिलेलं काही आहे का, अशी विचारणा केली. डग्लसने काही कागद पुढे केले, त्यातलं ‘कुंग फू फायटिंग’ उचललं गेलं. ब्रूस लीच्या ‘एन्टर द ड्रॅगन’ या कुंग फू चित्रपटाची हवा अजून ओसरली नव्हती. उरलेल्या दहाएक मिनिटांत गाणं उरकलं. मागची बाजू ऐकतंय कोण, या हिशेबाने ‘हू’, ‘हा’चे हुंकारही मनसोक्त भरले. मला वाटतं, या गाण्याची सगळी गंमत त्या बेफिकिरीतच आहे. तोलूनमापून केलं असतं, तर ते हुंकार पहिल्यांदा कापले गेले असते.

तबकडी कंपनीतल्या जाणत्या माणसाने मात्र हेच गाणं पुढे घ्यायला लावलं. सुरुवातीचे काही आठवडे रेडिओने ते वाजवलंच नाही; रेडिओवरूनच हे सांगताना थोडा संकोच वाटतो! नाचघरांनी ते उचललं, आणि त्याच वर्षी ब्रिटन व अमेरिका दोन्हीकडे ते पहिल्या क्रमांकावर पोचलं.

डग्लसने पुढेही गाणी म्हटली, कुंग फूचंच आणखी एक करून पाहिलं. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एकच. बिड्डूची गोष्ट वेगळी. फिरोज खानच्या ‘कुर्बानी’साठी, १९८० साली, नाझिया हसनच्या आवाजातलं ‘आप जैसा कोई’ त्याचंच. आणि १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’सुद्धा. तेव्हा ‘नशिबाने लागलेलं गाणं’ हा शिक्का डग्लसला लावायचा तर लावा, बिड्डूला तो लागू पडत नाही.