हिरव्या पानाची परीक्षा
(शिक्षकसंमेलनातील भाषण)



झाड आपले सारे अन्न मुळांनी मातीतून घेते, अशी अमरावती-अकोल्याकडील शेतकऱ्याच्या मुलाची समजूत असते. ती अगदीच निराधार नव्हे. खत पडताच कपाशी तरारते, हे त्याने पाहिलेले असते. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या पाठ करवून ही समजूत जात नाही. त्यासाठी पानाचीच परीक्षा घ्यावी लागते.

प्रथम ज्वारीच्या पिठावर पातळ आयोडीनचा थेंब टाकावा. पीठ निळे-काळे होते. ही पिष्टाची खूण. मग कुंडीतील जास्वंद दोन दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवावी, म्हणजे पानांतील साठा संपतो. नंतर एका पानाचा मधला भाग दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाने झाकून कुंडी चार-पाच तास उन्हात ठेवावी. ते पान उकळत्या पाण्यात बुडवून, स्पिरिटने त्यातील हरितद्रव्य काढून, धुऊन त्यावर आयोडीन टाकावे. उघडा भाग निळा-काळा होतो, झाकलेला होत नाही. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ सॅक्स याने १८६० च्या दशकात दाखविले ते हेच.

स्पिरिटविषयी निक्षून सांगितले पाहिजे. ते विस्तवावर कदापि ठेवू नये. पाणी उकळून आच पूर्ण विझवावी आणि त्या गरम पाण्यात स्पिरिटची परीक्षानळी उभी करावी. हे काम शिक्षकानेच करावे. मुले दूर बसवावीत. पाने शेतातून मागवू नयेत. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली; फवारलेल्या कपाशीस मुलांचे हात लागता कामा नयेत.

एखादे चौकस मूल विचारील : कागदाने ऊन अडले, तशी हवाही अडली नसेल कशावरून? शंका रास्त आहे. तिला दटावू नये. दुसऱ्या पानावर तशाच रीतीने पारदर्शक कागद लावावा. तेथे निळा रंग आला, म्हणजे कारण उजेडच. हवेतील कार्बन डायऑक्साइड व पाणी यांपासून पिष्ट बनते, हे मात्र एवढ्याने सिद्ध होत नाही, तेही मुलांना सांगावे.

श्रावणात आकाश झाकोळलेले असते. तेव्हा रंग फिका येतो. कांद्याची पात घेतल्यास तो येतच नाही, कारण ती पिष्टाऐवजी शर्करा साठविते. फिका आला तर वहीत ‘फिका’ असेच लिहू द्यावे, फळ्यावरील उत्तर उतरवून घेऊ नये, आणि ऑक्टोबरच्या उन्हात त्याच मुलांकडून प्रयोग पुन्हा करवावा.