वीणेची घोडी कशाने चिकटवावी?



सप्ताह जवळ आला की आमच्या गटांच्या बैठकीत हप्ते आणि कर्जाचा हिशोब बाजूला राहतो आणि एक प्रश्न हमखास निघतो. भजनी मंडळाची वीणा तडकली आहे, हार्डवेअरच्या दुकानातला दोन ट्यूबवाला गोंद लावू का? सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, म्हणून घाई असते. पण हा गोंद घाईत लावला तरी नंतर घाईत निघत नाही.

ऍरल्डाइट म्हणून आपण ओळखतो ती एपॉक्सी. एका ट्यूबमध्ये राळ, दुसरीत ती घट्ट करणारे हार्डनर. फेव्हिकोल पाणी उडून वाळतो, त्यामुळे आकसतो. रुंद भेगेत तो पोकळी सोडतो. एपॉक्सी फारशी आकसत नाही, भेग भरून काढते.

याचे चांगले उदाहरण पियानोचे आहे. बाहेरून तो मोठ्या पेटीसारखा दिसतो, पण आत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्यांचा मिळून ताण १८-२० टनांपर्यंत जातो. तारा ज्या लाकडी पट्टीवरून जातात ती पियानोची घोडी. तारेचे कंपन तीच खालच्या मोठ्या फळीला देते. प्रत्येक तार घोडीवर दोन बारीक खिळ्यांमधून वाकडी नेलेली असते, म्हणून ती खिळ्यांना सतत बाजूला रेटते. लाकूड सुकले की खिळ्यांच्या ओळीत चीर जाते, खिळे हलतात आणि एकाच तारेतून दोन आवाज आल्यासारखे वाटते. कारागीर तारा सैल करतात, खिळे काढतात, चिरेत पातळ आणि सावकाश घट्ट होणारी एपॉक्सी मुरवतात आणि खिळे पुन्हा बसवतात. चीर फार मोठी असेल तर गोंदाच्या नादी न लागता घोडीचा वरचा थरच नवा घालतात.

आपल्या वीणेची घोडी वेगळी. ती तबलीवर बहुधा तारांच्या दाबानेच उभी असते, फार तर थोडा साधा गोंद असतो. तारा बदलताना, जवारी काढताना ती हलवावी लागते. म्हणून तिचे पाय एपॉक्सीने तबलीला चिकटवू नका. पुढे ती काढायची वेळ आली तर तबलीचे लाकूडही सोबत उपटून येईल. घोडीच्या वरच्या पृष्ठभागाला तर गोंदाचा हातही लागू देऊ नका. तिथल्या बारीक उतारावर आणि तारेखालच्या सुतावर वीणेचा झंकार अवलंबून असतो. त्या जागी थेंब सुकला की आवाज बसला.

मग एपॉक्सी लावायची कुठे? घोडीचा पाय मोडून तुकडा वेगळा झाला असेल तिथे. भोपळ्याच्या चिरेतही चालते, पण चीर कोरडी आणि स्वच्छ हवी. पावसाळ्यात आपल्याकडे लाकूड ओलसर असते, ते आधी सावलीत चांगले वाळू द्या, चुलीजवळ नको. तारा सैल करा. दोन्ही ट्यूबमधून सारखाच भाग जुन्या झाकणात घेऊन नीट घोटा. लवकर वाळावे म्हणून हार्डनर जास्त घातले तर काम चिकट राहते, वाळतच नाही. पाच मिनिटांत घट्ट होणारी एपॉक्सी चिरेत खोल उतरत नाही, साधीच घ्या. तुकडा सुतळीने बांधून पूर्ण एक दिवस तसाच ठेवा, थंडीत जास्त. तार चढवायची ती त्यानंतर, तीही एकदम नाही.

हातांबद्दल थोडे सांगतोच. ओली एपॉक्सी कातडीला लागून पुरळ उठू शकते, आणि एकदा तिची ऍलर्जी झाली की पुढे जराशी लागली तरी त्रास होतो. रबरी हातमोजे घाला, दार उघडे ठेवा. हाताला लागलीच तर लगेच साबणाने धुवा, रॉकेलने किंवा थिनरने नको. घोटायला घरातली वाटी-चमचा वापरू नका, लेकरांना लांब ठेवा. वाळलेली एपॉक्सी घासताना नाकाला फडके बांधा.

पेटीला तारा नसतात. तिचे दुखणे बहुतेक वेळा भात्याचे, ते पुढच्या वेळी घेऊ.

घोडीचा आवाजच बसला असेल तर ते काम जवारी जाणणाऱ्याचे. मिरजेत तंबोरे-सतारी करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली आहेत. तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. वीणा पाठवायची असेल तर सप्ताहाच्या आदल्या आठवड्यात नको, दिवाळीनंतर लगेच पाठवा. तारा सैल करून, घोडी काढून वेगळ्या कापडात गुंडाळा, आणि आधी कुणी कोणता गोंद लावला आहे ते चिठ्ठीत लिहा.