आधी रंग की आधी जोडणी?

लाकडी वस्तूला रंग जोडणीपूर्वी द्यावा की नंतर, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. हाटपिपल्या ज्या देवास जिल्ह्यात आहे, त्याच्या शेजारच्या सीहोर जिल्ह्यात नर्मदाकाठचे बुधनी हे गाव लाखेच्या खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागीर दुधी लाकडाचा तुकडा चरकावर फिरवितो व त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. जोडलेले खेळणे असे फिरविता येत नाही. म्हणून तेथे रंग आधी, जोडणी मागाहून.

घरच्या खुर्चीला मात्र दोन्ही मार्ग मोकळे असतात. जोडताना सरस बाहेर ओघळला, तर तो लाकडाची छिद्रे बुजवितो. तेथे मागाहून रंग मुरत नाही व फिकट डाग राहतो. यास्तव भाग सुटे असतानाच रंगवावेत; पण कुसू व खाच कोरी ठेवावी. सरस उघड्या लाकडालाच घट्ट धरतो. मध्ये रंग किंवा रोगण आले, की पकड ढिली होते. रोगणाचा अखेरचा हात जोडणीनंतर द्यावा. डाग केवळ डोळ्यांना खुपतो. सुटलेला सांधा बसणाऱ्याला पाडतो.