तांब्याचा थर आणि आराखड्याची शिस्त

पुण्याचे तांब्याशी नाते जुने आहे. कसबा पेठेतील तांबट आळीत हातोड्याच्या ठोक्यांनी भांडी घडत आली. पौड मार्गावरील पिरंगुटच्या औद्योगिक परिसरात इलेक्ट्रॉनिक्सचा लघुउद्योग उभारू पाहणाऱ्या तरुणापुढे हेच तांबे निराळ्या रूपात येते. पीसीबीवर, म्हणजेच मुद्रित मंडलावर, त्याचा थर साधारणतः अवघा ३५ मायक्रॉन जाडीचा असतो.

मंडलावरील वाहक रेषांमधील मोकळी जागा तांब्याने भरून ती बहुधा ग्राउंडला जोडली जाते. यालाच ‘कॉपर पोअर’ म्हणतात. त्यामुळे प्रवाहाला परतीची जवळची वाट मिळते, उष्णता पसरते आणि रासायनिक प्रक्रियेत कमी तांबे विरघळवावे लागते. मात्र हे लाभ शिस्तीवाचून पदरात पडत नाहीत.

१९९२ साली फ्रान्समध्ये ज्याँ-पिएर शारा यांनी आरंभलेली ‘किकॅड’ ही संगणकप्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. तीत एखादी रेषा सरकवली की जुना भराव तसाच राहू शकतो. म्हणून प्रत्येक बदलानंतर ‘बी’ ही कळ दाबून भराव नव्याने करावा, नियमतपासणी करावी आणि मगच गर्बर फाइली उत्पादकाकडे धाडाव्यात. हा क्रम चुकला तर एका मंडलाचे नव्हे, संपूर्ण खेपेचे नुकसान होते. लहान उद्योगाला ते पेलवत नाही.

डाख देण्याची जागा भरावाला सर्व बाजूंनी जोडली तर उष्णता तांब्यात निघून जाते आणि डाख कच्चा राहतो. यासाठी ती अरुंद पट्ट्यांनी जोडावी. यास ‘थर्मल रिलीफ’ म्हणतात. मोठा प्रवाह वाहणाऱ्या जोडांना मात्र रुंद पट्ट्या हव्यात. कशाशीही न जोडलेली तांब्याची बेटे काढून टाकावीत.

सर्वांत महत्त्वाची बाब सुरक्षिततेची. शेतीपंपाच्या नियंत्रकासारख्या साधनात २३० व्होल्टचा भाग असतो. तेथे भराव पोहोचणार नाही असे निषिद्ध क्षेत्र आराखड्यातच आखले पाहिजे. ते अंतर किती असावे हे संबंधित सुरक्षा-मानकावरून ठरवावे, अंदाजाने नव्हे. पडद्यावर राहिलेली ही त्रुटी उद्या शेतकऱ्याच्या हाताला विजेचा धक्का देऊ शकते.

तांबटाचा ठोका चुकला तर भांडे पुन्हा ठोकता येते. विरघळून गेलेले तांबे मात्र परत येत नाही. म्हणून तपासणीचे स्थान उत्पादनाच्या आधी आहे, हे प्रत्येक होतकरू उद्योजकाने ध्यानी ठेवावे.