परसातील करटोली
(संस्थेच्या सभेतील भाषण)



पावसाळा लागला की बाजारात करटोलीचे वाटे दिसू लागतात. कारल्याच्या कुळातली, अंगावर मऊ काटे असलेली ही रानभाजी. गोव्यात तिला फागलां म्हणतात. भाव ऐकून आपण पावशेर घेतो आणि पुढे जातो. वास्तविक हा वेल आपल्याच मातीतला, परसात चांगला येतो. तरीही ज्यांनी लावला त्यांतल्या काहींची तक्रार असते की वेल मांडवभर पसरला, फुललाही, पण फळ एकही धरले नाही.

याचे कारण खतपाण्यात शोधू नये. करटोलीचे नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात. शास्त्रीय नाव मोमॉर्डिका डायोइका. त्यातील डायोइका या शब्दाचा अर्थच मुळी 'दोन घरांचा'. विद्यार्थ्यांनी फुलाखाली नीट पाहावे. मादीफुलाच्या पाकळ्यांखाली इवलेसे काटेरी फळ बसलेले असते. नरफुलाखाली फळ नसते, देठावर टोपीसारखे हिरवे पान असते.

बी टणक, उगवायला आळशी. आणि उगवले तरी फूल येईपर्यंत नर की मादी हे कळत नाही. म्हणून ओळखीच्या वेलाचा कंद घ्यावा आणि पावसाच्या तोंडी, पाणी साचणार नाही अशा जागी लावावा.

आठ-दहा मादीवेलांना एक नरवेल पुरतो. तेव्हा प्रत्येकाने नर लावून जागा अडवू नये. शेजारच्या चार-पाच घरांत मिळून एक असावा. मात्र फळत नाही म्हणून तो कोणी उपटू नये! फुले संध्याकाळी उमलतात. तेव्हा नरफूल तोडून मादीफुलाच्या मधोमध हलकेच टेकवावे. हे काम मुलांकडे द्यावे.

फळ हिरवे, कोवळे असतानाच खुडावे. पिवळे झाले की बिया दाताखाली येतात. हिवाळ्यात वेल वाळतो, पण कंद जमिनीत जिवंत असतो. जागा खणू नये.

आणि कंदासाठी डोंगर तर मुळीच खणू नये. फळ खुडले तरी वेल राहतो. कंद काढला की पुढल्या पावसाळ्यात रानभाजी विकणाऱ्या बाईची पाटी तेवढी रिकामी राहते. कंद लागवड करणाऱ्यांकडून घ्यावा. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने तर 'इंदिरा कंकोड-1' हा लागवडीचा वाणच काढला आहे.

ज्यांना वेल लावायचा आहे त्यांनी सभेनंतर नावे द्यावीत. नर कोणाच्या परसात ठेवायचा तेही तेव्हाच ठरवू.