खारा वारा, गिरणीची वाफ आणि डोक्यावरचा पत्रा
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



लोखंडी शेड कशी टिकवावी, हा आजचा विषय. उत्सवात पत्र्यावर भाषण कशाला, असं कोणाच्या मनात आलं असेल. पण बमरोलीतल्या आपल्या बहुतेक घरांतलं कोणी ना कोणी रोजची पाळी अशाच शेडखाली काढतं. कोणी पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, कोणी उधन्यात लूमवर, कोणी सचिनला, कोणी हजिऱ्याला. काहींचा स्वतःचा फॅब्रिकेशनचा धंदा आहे. आणि पत्रा फुटला की दुरुस्तीला वर चढणारा माणूसही बऱ्याचदा आपलाच असतो.

आपल्यापैकी अनेकांचं मूळ गाव खानदेशात. तिकडच्या कोरड्या हवेत बापाने टाकलेला पत्रा मुलगाही वापरतो. तोच पत्रा इथे काही वर्षांत चाळणीसारखा होतो. लोखंड तेच असतं, हवा वेगळी असते. गंज चढायला ओलावा आणि प्राणवायू पुरतात, मिठाने त्याचा वेग वाढतो. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं, हे भगिनींना ठाऊक आहे. पत्र्यावर बसलेलं समुद्राचं मीठही तसंच हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पाऊस नसतानाही लोखंड ओलं ठेवतं.

डुमस आणि हजिऱ्याला या मिठाचा मारा थेट बसतो. किनाऱ्यापासून आत आलं की मीठ झपाट्याने कमी होतं. म्हणून बमरोली-पांडेसऱ्यात नुसत्या समुद्राला दोष देऊन चालणार नाही. इथे बॉयलरच्या कोळशाच्या धुरात गंधकाचा वायू असतो. पॉलिएस्टर रंगवताना ॲसेटिक ॲसिड लागतं, कापड मऊ करायच्या वेट रिडक्शनमध्ये कॉस्टिक सोडा लागतो. त्यांची वाफ वर जाते, थंडीतल्या पहाटे गार पत्र्याला लागते आणि थेंब होऊन कैचीवर, पर्लिनवर टपकते.

म्हणूनच अशी शेड बहुधा आतून सडते. पत्र्याची वरची बाजू पाऊस धुऊन काढतो. खालची बाजू, वळचणीचा भाग, पर्लिनवर पत्रा टेकतो ती जागा, इथलं मीठ आणि ॲसिड कोणीच धूत नाही. बाहेरून चकचकीत दिसणारी शेड आतून पोखरलेली असू शकते.

आता जस्ताचा हिशोब पाहू. पत्र्यावरचं जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं; लहानसा ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त ती जागा राखतं. हवा लोखंडाला किती खाते, यावरून जगभर तिच्या श्रेणी ठरवल्या आहेत. मध्यम श्रेणीच्या हवेत जस्त वर्षाला साधारण 0.7 ते 2 मायक्रॉन झिजतं, कारखान्यांच्या किंवा किनाऱ्याजवळच्या हवेत 2 ते 4, आणि फार तीव्र हवेत 4 ते 8. बाजारात 120 ग्रॅमचा पत्रा मिळतो आणि 275 ग्रॅमचाही. हे ग्रॅम म्हणजे एका चौरस मीटरवर दोन्ही बाजू मिळून असलेलं जस्त. 120 मध्ये एका बाजूला जेमतेम 8 मायक्रॉन येतं, 275 मध्ये 19 च्या आसपास. वर्षाला 3 मायक्रॉन धरले, तर पहिल्याचं जस्त तीन वर्षांच्या आत संपतं आणि दुसऱ्याचं सहा वर्षं पुरतं. वर रंगाचा चांगला थर असेल तर आयुष्य आणखी वाढतं. पण आपण दुकानात जाडी विचारतो, भाव विचारतो. जस्त किती, हे विचारत नाही.

ॲल्युमिनियम-जस्ताच्या पत्र्याची आज चलती आहे. खाऱ्या हवेत तो साध्या जस्तापेक्षा बराच जास्त टिकतो. मात्र ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोसत नाही. वेट रिडक्शनच्या खात्यावर तो पत्रा घालू नये. तिथे फायबरचा पत्रा बरा, आणि त्याआधी वाफ बाहेर काढायची सोय हवी. वाफ बाहेर गेली नाही, तर महागातला पत्राही फार दिवस तग धरत नाही.

खांब आणि कैचीचंही तसंच आहे. 5 मिलिमीटर किंवा त्याहून जाड अँगल-चॅनेल वितळलेल्या जस्तात बुडवून काढले, तर सुमारे 85 मायक्रॉन जस्त चढतं, म्हणजे केसाच्या जाडीहून थोडं जास्त. तेवढं वीस-पंचवीस वर्षं साथ देऊ शकतं. रंगच लावायचा असेल तर आधी लोखंडावरची काळी पपडी वाळूच्या माऱ्याने पूर्ण काढावी लागते, मग जस्ताचा प्रायमर, इपॉक्सी आणि वरचा थर, मिळून 240 ते 300 मायक्रॉन. पपडीवरच रेडऑक्साइडचा एक हात मारला, तर पपडी सुटते तेव्हा रंगही सुटतो.

फॅब्रिकेशन करणाऱ्या तरुणांना माझं खास सांगणं आहे. पाणी जिथे साचतं, तिथे शेड मरते. दोन अँगल पाठीला पाठ लावून कैची केली, की मधल्या फटीत ब्रश जात नाही. त्याऐवजी तोंडं बंद केलेला पाइप वापरा. तुटक वेल्डिंगच्या फटीत ओल शिरते; तिथे सलग वेल्डिंग करा आणि वेल्डिंगची जागा घासून पुन्हा रंगवा. खांबाची बेसप्लेट फरशीच्या पातळीला ठेवू नका, काँक्रीटच्या चौथऱ्यावर चढवा. गिरणीची फरशी रोज ओली असते. पन्हळीत धागे आणि राख साठून चिखल होतो, तो पावसाळ्याआधी काढा. हलका स्क्रू तर पत्र्याआधीच सडतो.

हा स्क्रू क्षुल्लक समजू नका. भारतीय मानकाप्रमाणे सुरतेत शेडचा हिशोब सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर वाऱ्यासाठी करतात. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाचा वारा आपण अनुभवला आहे. खांब कितीही जाड असो, पत्रा धरून ठेवतो तो स्क्रूच.

खाऱ्या हवेत लोखंड टिकतच नाही, असं मात्र नाही. भरूचला नर्मदेवरचा गोल्डन ब्रिज पाहा. खाली भरती-ओहोटीचं पाणी, तरी 1881 पासून उभा आहे. त्याची कैची उघडी आहे, डोळ्यांना दिसते. जे दिसतं, जिथे हात पोचतो, तेच राखता येतं.

शेवटी जिवाची गोष्ट. गंजलेला पत्रा वरून शाबूत दिसतो आणि पाय पडताच तुटतो. उजेडासाठी घातलेला प्लास्टिकचा पत्रा उन्हाने कडक होतो, तोही तसाच दगा देतो. खाली चालू मशीन किंवा रंगाचं गरम भांडं असतं. पावसाचं पाणी मशीनवर पडतंय म्हणून घाईने एखाद्या पोराला वर चढवू नका. पत्र्यावर थेट पाय न देता पर्लिनवर टेकलेल्या फळ्या टाका. कमरेला नुसता दोर नको. अंगभर पट्ट्यांचा सेफ्टी बेल्ट घाला आणि तो मजबूत जागी अडकवा. खाली एक माणूस उभा ठेवा. आणि जो चढणार आहे, त्याने या गोष्टी नसतील तर नाही म्हणावं. शेठजी रागावतील, एक दिवसाचा पगार जाईल. घरच्यांनी त्या दिवशी त्याच्या पाठीशी उभं राहावं.

दिवाळीच्या सुट्टीत मिल बंद असते. तेव्हा मालकांनी आणि फोरमननी टॉर्च घेऊन शेड आतून एकदा पाहावी: पर्लिन, बेसप्लेट, पन्हळ, स्क्रू. वळचणीखालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन घ्यावा. एका दिवसाचं काम आहे.